एक्सल नवा घातला, ब्रेकची नळी जुनीच राहिली!

जालन्यात कुणी 'ऑफरोडिंग' म्हटलं की लोक हसतात. इथं कुठं डोंगर न् कुठं जंगल? पण राव, आपल्या काळ्या रानात दोन दिवस झड लागू द्या. मोसंबीच्या बागेकडं जाणारी प्रत्येक पाणंद ऑफरोडच असते. म्हणून आपल्याकडं जुन्या फोर-व्हील जीपचं वेड आहे आणि ते नुसतं शौकाचं नाही. त्याच वेडातून सुरू झालेल्या एका धंद्यावर आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण ज्याच्या घरी अशी गाडी आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. माझ्या मेव्हण्यानं जुन्या जीपला मागं एका पिकअपचा रुंद एक्सल बसवून घेतला, पाटे बदलून गाडी उचलली आणि मोठे टायर टाकले. काम एमआयडीसीतच झालं, कुठं ते सांगत नाही. गाडी दिसायला एकदम रुबाबदार झाली. शेतातून परत येताना मी पुढं बसलो होतो, मागं त्याची दोन पोरं. उताराला एका चरात मागचं चाक खाली लोंबलं, 'फट' असा आवाज आला आणि ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. पुढं विहीर होती. मेव्हण्यानं गाडी बाभळीत घातली म्हणून ही पोस्ट लिहायला मी आहे.

बघितलं तर एक्सलला ओरखडासुद्धा नव्हता. तुटली होती ती चेसिसपासून एक्सलकडं जाणारी ब्रेकची रबरी नळी. गाडी उचलली, एक्सल खाली गेला, पण नळी मूळच्याच लांबीची ठेवली होती. चाक लोंबलं की ती ताणायची. त्यात जुन्या जीपला ब्रेकची लाइन एकच. एका ठिकाणी ऑइल गेलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. एक्सलवर पैसा ओतला आणि सगळ्यांचा जीव एका स्वस्त नळीवर टांगला.

त्यानंतर मी चार मिस्त्र्यांकडं बसलो, लेथवाल्यांशी बोललो, जमेल तेवढं वाचलं. जे कळलं ते साध्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट निवडीची. भंगारात एक्सल दिसला, जाड आहे, घेऊन टाका, असं चालत नाही. फोर-व्हील गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलचा रेशो एकच लागतो. युद्धातल्या विलिस जीपचा रेशो ४.८८ होता, नंतरच्या नागरी सीजे-२ए चा ५.३८. बाहेरून दोघांत फरक कळणं अवघड. एक पुढं न् एक मागं लावला, तर फोर-व्हील टाकल्यावर पुढची न् मागची चाकं एकमेकांशी भांडतात. चिखलात चाक घसरून ते निभावतं, डांबरावर मात्र गिअर नाहीतर जॉइंट तुटतो. तपासायला खर्च शून्य आहे. दोन्ही चाकं अधांतरी करा, खडूची खूण करा, दोन्ही चाकं बरोबरीनं एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पावणेपाच-पाच आले की सव्वापाचच्या वर आले, ते डोळ्यानं दिसतं. खात्री हवी असेल तर हाउसिंग उघडून दाते मोजा. ४३ ला ८ नं भागलं की ५.३८ येतं, ३९ ला ८ नं भागलं की ४.८८.

रेशोशिवाय पुढच्या डिफरन्शियलचा गोळा ज्या बाजूला आहे त्याच बाजूला ट्रान्सफर केसमधून शाफ्ट निघतो का, हे बघायचं. चाकांतलं अंतर, बोल्टांची जागा, ब्रेकचा आकार हेही बघायचं. मागं मोठे ड्रम आणि पुढं जुनेच ठेवले, तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी फिरते.

दुसरी गोष्ट बसवण्याची. पाट्याची बैठक एक्सलच्या नळीवर वेल्ड करतात. आधी नुसते टाके मारायचे, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, पिनियनचा कोन बघायचा आणि मगच पक्कं वेल्डिंग. तेही थोडंथोडं, बाजू बदलून. एका दमात ओढलं तर उष्णतेनं नळी वाकते. मधला गोळा बिडाचा असेल तर साध्या रॉडनं त्याला हातच लावायचा नाही. शाफ्टची लांबी नव्यानं मोजायची. आणि चाक पूर्ण लोंबवून, पूर्ण दाबून ब्रेकची नळी कुठं ताणते, कुठं घासते ते बघायचं. आमच्याकडं नेमकं हेच राहिलं.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की गाडीच्या नोंदणीतला तपशील कारखान्यानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. केरळमधल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-ए आलं. मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड, किंवा दोन्ही. त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा एक्सल बदलला तर ती दुरुस्ती. पिकअपचा एक्सल जीपला घातला की प्रश्न उभा राहतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

काही मित्र म्हणतील, गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजला अशाच गाड्या पळतात की! पळतात. पण ती स्पर्धेची वाट. आपण मात्र तीच गाडी सोमवारी पोराला शाळेत सोडायला काढतो आणि रविवारी समृद्धीवर घालतो. २८ इंची टायरच्या जागी ३३ इंची टाकला आणि गिअर तेच ठेवले, तर मीटरवर ८५ दिसतं तेव्हा गाडी १०० नं पळत असते. उंच गाडी, आखूड चेसिस आणि घरगुती वेल्डिंग. विचार करा.

माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यावरच्या गाडीला असले प्रयोग नकोत, कायदा तिथं बरोबर आहे. पण कायदा अर्धवटही आहे. तो मालकाला दंड करतो, वेल्डिंग कुणी बघत नाही. बंदीनं काम थांबलेलं नाही, फक्त शटर अर्धं खाली आलंय. बिल नाही, जबाबदारी नाही, तपासणी नाही. सीएनजी किटला मान्यतेचा रस्ता आहे. दिव्यांगांसाठी गाडी बदलून घ्यायलाही कायद्यातच वाट आहे. मग शेतात आणि स्पर्धेत चालणाऱ्या गाड्यांसाठी ठरलेला नकाशा, नोंदणी असलेलं वर्कशॉप आणि ब्रेकची चाचणी, एवढं का होऊ नये? पुण्यात एआरएआयसारखी संस्था आहे. आपलं गाव भंगार वितळवून सळई करतं, इथल्या लेथवर मायक्रोनची कामं होतात. वेल्डला चीर आहे का ते लाल रंग न् पांढऱ्या पावडरनं तपासायची पद्धत फॅब्रिकेशनवाल्यांना नवी नाही. हात कुशल आहेत, त्यांना कागदावर आणा. मग चूक झाली तर विचारता तरी येईल.

आमच्या मिस्त्रीला मी खलनायक ठरवत नाही. त्यानं पैसे परत देऊ केले, डोळ्यात पाणी आणलं. पण "भाऊ, नळीकडं लक्षच गेलं नाही" हे उत्तर विहिरीच्या काठावर पुरत नाही.

मेव्हण्यानं जीप मूळ एक्सलवर परत आणली. पोरं अजून त्या बाभळीजवळ गेली की गप्प होतात.

तुमच्या गाडीचं असं काम झालं असेल तर आज एवढंच करा. जॅक लावा, मागची चाकं लोंबू द्या आणि खाली वाकून ती रबरी नळी बघा. ताणलेली दिसली तर गाडी तिथंच उभी ठेवा. आणि जे मिस्त्री हे काम मापात, नीट करतात त्यांनी कमेंटमध्ये जरूर बोलावं. तुमच्याशिवाय हा विषय आरटीओपर्यंत नेता येणार नाही.