विश्लेषण : अभयारण्य एवढे मोठे, तरी माळढोक का घटला?

सोलापूरच्या शुक्रवार पेठेपासून सुमारे वीस किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे. माळढोकामुळे हे नाव देशभर पोहोचले. आज तेथे हा पक्षी क्वचितच दिसतो.

संशोधन काय सांगते?
१९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. असद रहमानी यांनी नान्नजसह देशात अनेक ठिकाणी माळढोकाचा अभ्यास केला. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेल्या कुरणांत हा पक्षी टिकून होता. मादी साधारणपणे एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. त्यामुळे मोकळा, शांत माळ हीच त्याची खरी गरज.

मग चुकले कोठे?
१९७९ मध्ये तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आणि शेतीही आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि शेतकऱ्याला पक्षीच अडचण वाटू लागला. २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर ‘पडीक’ ठरवलेला बराच माळ नांगराखाली गेला होता.

पुढे काय?
२०२४ मध्ये जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पिल्लू जन्मले. हे यश मोठेच. पण उद्या पिल्ले सोडायची कोठे? नकाशावर रेघा ओढून माळ वाचत नाही. माळ राखणाऱ्या गावाला गवत, चराई आणि मोबदल्याचा हक्क दिला, तरच तो वाचेल. काळवीट आणि लांडगाही त्याच माळावर जगतात.