भिजवणीचे पाणी जाते कुठे?

गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. इथल्या अनेक राईस मिलमध्ये उसना तांदूळ तयार होतो. त्यासाठी धान आधी गरम पाण्यात भिजवतात, मग वाफवून वाळवतात. भिजवणीचे पिवळट, आंबूस पाणी तसेच नाल्यात सोडले, तर ते पुढे बोडीत किंवा तलावात साचते. त्यात कुजणारे घटक भरपूर असतात, थोडी फिनॉलवर्गीय द्रव्येही असतात. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

सांडपाण्यातले विष काढण्यासाठी आता ‘हरित द्रावकां’ची चर्चा आहे. घरातली अमृतधारा आठवा. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तिन्ही घन पदार्थ एकत्र केले की पातळ होतात. याच तत्त्वावर इंग्लंडच्या लीस्टर विद्यापीठातील अँड्र्यू ॲबट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरिया व कोलीन क्लोराईड यांचे मिश्रण मांडले. एकटा युरिया १३३ अंश सेल्सिअसला वितळतो, हे मिश्रण १२ अंशांनाच. पुढे पाण्यात सहज न विरघळणारी मिश्रणे आली. पुदिना आणि ओव्याच्या फुलांचे मिश्रण सांडपाण्यात ढवळले, तर फिनॉल त्यात ओढले जाते आणि वर तरंगणारा थर वेगळा काढता येतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नवे साधन आले की आम्ही आधी विचारतो, अडचण नेमकी कोणती? मिलच्या पाण्यात मुख्य भार कुजणाऱ्या घटकांचा आहे. ते काम जीवाणू स्वस्तात करतात आणि बंद टाकीत केले तर वर बायोगॅसही मिळतो. द्रावक शोभते ते फिनॉल दाट असते तिथे, उदाहरणार्थ कोळशापासून कोक बनवणाऱ्या कारखान्यात. शिवाय ओव्याचे फूल स्वतःच एक फिनॉल आहे. ते पाण्यात उरले, तर कामाचे जीवाणूच मारेल. वनस्पतीतून आले म्हणजे निरुपद्रवी, असे नसते.

म्हणून नावावर नको, आकड्यांवर बोलू. नदी-तलावात सोडायच्या सांडपाण्यासाठी देशातील सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे फिनॉल १ मिलिग्रॅम आणि बीओडी ३० मिलिग्रॅम अशी आहे. आपल्या गावाजवळच्या मिलचे संमतीपत्र आणि पाण्याचे तपासणी अहवाल माहिती अधिकार कायदा, २००५ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागता येतात.

विचारताना संकोच होईल. मिलमध्ये हमाली करणारे आपलेच आहेत, कधी मालकही ओळखीचा असतो. पण साचलेल्या पाण्यात घाण करू नका, अशी शिकवण पैगंबरांनी आपल्याला दिली आहे. ती फक्त वुजूपुरती नाही. त्या तलावात आपली गुरे पाणी पितात, ढीवर बांधव मासे धरतात. अर्ज एका पानाचा आहे. या आठवड्यात तो लिहू या.