प्लॅन १०० चा, डाउनलोड मात्र १२ ने! कंपनी फसवते की आपले गणित चुकते?

धुळ्याहून मामांचा फोन आला तो रागातच. ‘१०० एमबीपीएसचे फायबर घेतले. काल सिनेमा डाउनलोडला लावला, तर कॉम्प्युटर सेकंदाला साडेअकरा एमबी दाखवतोय. पैसे शंभरचे आणि माल बाराचाही नाही. छाप तुझ्या पेपरात.’

छापतो आहे, पण मामांना हवे होते ते नाही. कारण त्यांची लाइन ठणठणीत होती.

त्याच आठवड्यात जळगावच्या एका मित्राची उलटी गत झाली. त्याचाही प्लॅन १०० चा. स्पीड टेस्टमध्ये ११ आकडा आला म्हणून त्याने तक्रार केली. उत्तर मिळाले, ‘साहेब, आठने भागायचे असते. वेग बरोबर आहे.’ तो गप्प बसला. प्रत्यक्षात त्याला ठरलेल्या वेगाचा जेमतेम नववा हिस्सा मिळत होता.

एकाने नसलेल्या फसवणुकीवर राग काढला, दुसऱ्याने असलेली तूट सोसली. दोघांना गोत्यात आणणारा शब्द एकच : एमबी.

नेमका घोळ काय?

बिट म्हणजे शून्य किंवा एक. आठ बिटांचा एक बाइट. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये विकला जातो, तर फोटो, पीडीएफ आणि सिनेमा मेगाबाइटमध्ये मोजतात. स्पीड टेस्टची अॅप सहसा मेगाबिट दाखवतात, डाउनलोडची खिडकी मेगाबाइट. म्हणून १०० मेगाबिट भागिले ८ म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. वाटेतला थोडा खर्च वजा जाता साडेअकरा-बारा दिसणे अगदी रास्त.

इंग्रजीत बिटसाठी लहान बी आणि बाइटसाठी मोठा बी लिहितात. फरक बारीक, पण निदान असतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे मराठी जाहिरातीत दोन्हींचे ‘एमबीपीएस’च होते आणि आठपटीचा फरक कागदावरून पुसला जातो.

खान्देशला दोन मापांचा व्यवहार नवा नाही. शेतकरी कापूस क्विंटलने विकतो, जिनिंगमधून निघालेल्या रुईचा सौदा ३५६ किलोच्या खंडीने होतो. पण तिथे क्विंटलचा भाव खंडीचा म्हणून कोणी सांगत नाही. मापाचे नाव आधी, आकडा नंतर.

मग कंपन्या बिटच का मोजतात?

कारण हे माप टेलिफोनच्या घरातून आले आहे. डिजिटल एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. गुणाकार ६४ किलोबिट : एका संभाषणाची जागा. अशा ३२ जागांची मिळून ‘ई-१’ लाइन, वेग २.०४८ मेगाबिट. त्यातल्या ३० जागा बोलण्यासाठी, उरलेल्या दोन वेळ जुळवायला आणि कॉल जोडायला.

पुढे ऑप्टिकल फायबर आले आणि १९८८ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्याची पहिली पायरी ‘एसटीएम-१’, वेग १५५.५२ मेगाबिट. तिच्यात ६३ ई-१ लाइन बसतात. ६३ गुणिले २.०४८ केले, तर १२९ च भरतात. उरलेला भाग देखरेखीच्या माहितीचा आणि बांधणीचा. वजनकाट्यावर केळीचा भरलेला ट्रक चढवला, तरी काटा दाखवतो ते सगळे वजन केळीचे नसते, तसेच हे.

या पायरीची सोळापट म्हणजे २,४८८.३२ मेगाबिट. आज घरोघरी पोहोचलेल्या ‘जीपॉन’ फायबरचा डाउनलोड वेग नेमका हाच. म्हणजे मामांच्या राउटरपर्यंत जुन्या टेलिफोन खात्याचेच पाढे आले आहेत. फक्त हा वेग एका घराचा नसतो, अनेक घरांत वाटलेला असतो. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ मेगाबिट येतात. रात्री नऊला वेग मंदावण्याचे हे एक कारण.

१ जीबीची फाइल किती वेळात?

(१ जीबी म्हणजे ८,००० मेगाबिट; वाटेतला खर्च धरलेला नाही)

• ६४ किलोबिट : सुमारे पावणेपस्तीस तास
• ई-१, २.०४८ मेगाबिट : सुमारे ६५ मिनिटे
• १०० मेगाबिट : ८० सेकंद
• एसटीएम-१, १५५.५२ मेगाबिट : सुमारे ५१ सेकंद

आता सरकारी आकडे बघा. २००४ च्या धोरणात २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड होते. जानेवारी २०२३ पासून किमान २ मेगाबिट लागतात, म्हणजे जवळपास एक ई-१ लाइन. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेचे उद्दिष्ट होते ग्रामपंचायतीला १०० मेगाबिट. पंचायत, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र मिळून सेकंदाला १२.५ मेगाबाइट. कागदावरचे १०० आणि वाट्याला येणारे १२.५ यांतला फरक ग्रामसभेत कोणी विचारला, तर उत्तर देता आले पाहिजे.

तुम्ही काय कराल?

• आकड्याआधी एकक बघा. डाउनलोडचा आकडा मेगाबाइटमध्ये असेल, तर आठने गुणा आणि मग प्लॅनशी ताडून पाहा.
• स्पीड टेस्ट मेगाबिट दाखवत असेल, तर काहीही भागू नका. थेट तुलना करा.
• चाचणी शक्यतो राउटरला केबल लावून, दिवसातून दोन-तीन वेळा करा. स्क्रीनशॉट ठेवा.
• तूट दिसली, तर तक्रार क्रमांक घ्या. समाधान झाले नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

ग्राहकाने आठचा पाढा शिकावा, हे ठीक. पण मराठीत जाहिरात छापणाऱ्याने, बिल पाठवणाऱ्याने ‘एमबीपीएस’ या आडोशाला का राहावे? ‘१०० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट’ एवढी एक ओळ पुरेशी आहे. तिला ना नवे तंत्र लागते, ना खर्च.

मामांना हिशेब समजावला, तेव्हा ते क्षणभर थांबले. म्हणाले, ‘मग बिलावरच लिहायचे ना तसे.’

आमचेही म्हणणे एवढेच आहे.