आरोळी नको, लेखी अर्ज द्या!

सीमाभागातल्या मराठी माणसाला मोर्चा कसा काढावा हे कुणी शिकवायला नको. पण मतमोजणीच्या टेबलाशी मोर्चा चालत नाही, घोषणा चालत नाही. तिथे चालतो तो कागद! एकेका मतासाठी आमचे कार्यकर्ते बेळगाव-खानापूरची खेडी उन्हातान्हात तुडवतात. आणि मोजणीच्या दिवशी आमचा प्रतिनिधी रिकाम्या हाताने टेबलाशी बसतो. याला काय म्हणावे?

एका मताने काय होते, असे विचारणाऱ्यांनी याच कर्नाटकातले संतेमरहळ्ळी आठवावे. २००४ साली तिथे विधानसभेचा एक उमेदवार ४०,७५१ मते घेऊन पडला. निवडून आलेल्याची मते होती ४०,७५२!

तेव्हा कायदा नीट ध्यानात घ्या. केंद्रावर किती मते नोंदली गेली, याचा हिशेब म्हणजे नमुना १७ सी. मतदान संपताच त्याची प्रत केंद्राध्यक्षाकडून घेतलीच पाहिजे. मोजणीच्या दिवशी तो आकडा यंत्रावरच्या एकूण मतांशी ताडून पाहा; यंत्राचा क्रमांक पाहा, सील पाहा. तफावत दिसली की तिथल्या तिथे हरकत घ्या, आणि लेखी घ्या.

एकूण मते जाहीर झाली की १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या ६३ व्या नियमाने फेरमोजणी मागता येते. उमेदवार हजर नसेल तर त्याच्या प्रतिनिधीनेही अर्ज करावा; मात्र अर्जात कारणे हवीत. निवडणूक अधिकाऱ्याला तो फेटाळता येतो, पण लेखी आणि कारणे देऊनच. त्याने नमुना २० पुरा करून सही ठोकली, की हे दार बंद! मग उरते ती ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करायची याचिका, आणि तिच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात अपील. कोर्टाची वाट किती लांब असते, हे २००४ साली दाखल झालेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याने आम्हाला पुरते शिकवले आहे.

पण हरकत म्हणजे आदळआपट नव्हे. १९६७ च्या जानेवारीत गोव्याच्या जनमत कौलात विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली; विरुद्ध बाजूला १,७२,१९१. घाव मोठा होता. तरी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष त्याच वर्षी पुन्हा लोकांपुढे गेला आणि सत्तेवर आला! २०१८ आणि २०२३ साली कर्नाटक विधानसभेत समितीचा एकही आमदार गेला नाही. त्याचे खापर पुराव्यावाचून मोजणीवर फोडणाऱ्यांतले आम्ही नव्हे. कौल मानायचाच आहे. पण मानण्याआधी हिशेब तपासायचा, हा आमचा हक्क आहे. तो कुणाच्या मेहेरबानीने मिळत नाही, नियमावर बोट ठेवून घ्यावा लागतो.

मोजणी प्रतिनिधींनो, खिशात पेन आणि हातात १७ सी घेऊनच आत जा. शेवटचे यंत्र मोजून होईपर्यंत टेबल सोडू नका. बाहेर उभ्या असलेल्या हजारोंचे डोळे म्हणजे तुम्ही आहात!

जय महाराष्ट्र!