मोबाईलवरची कमाई आणि पुठ्ठ्याची पेटी

गेल्या पालकसभेत शेवटच्या दहा मिनिटांत जो विषय निघाला, त्यावर तिथे बोलायला वेळ मिळाला नाही. व्हॅनवाले बाहेर हॉर्न वाजवत होते. म्हणून संपादकांकडे पान मागून घेतले आहे. विश्वस्तांनी, पालकांनी आणि विशेषतः आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी वाचावे अशी विनंती.

विषय असा होता. बाहेरच्या एका संस्थेने शाळेला प्रस्ताव दिला आहे. शनिवार-रविवारचे आठ वर्ग, विद्यार्थ्यामागे साडेचार हजार रुपये, आणि शिकवणार काय तर 'सोशल मीडियातून उत्पन्न'. सभेत काही पालक खूष झाले, काहींनी तोंड वाकडे केले. एक काका म्हणाले, "मोबाईल घेऊन भट्टीत टाका." माझे मत या दोन्हींपेक्षा वेगळे आहे आणि ते थोडे स्वयंपाकघरातून येते. त्याबद्दल कोणी हसले तरी चालेल.

आधी कमाईचे बोलू. कमाई होते, हे खरेच आहे. मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत असताना पाककृतींचे व्हिडीओ टाकायला सुरुवात केली. मराठी चॅनेल नंतर आले आणि आज आपल्या घरांतल्या किती सुना त्यांचे नाव घेऊन अळूवडी करतात, हे मी सांगायला नको. दुसरे उदाहरण नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर, पण जिभेला वळण पडलेले आहे.) सत्तरीच्या आजी, शाळेत गेलेल्या नाहीत. नातवाने पावभाजी करायला सांगितली, ती त्याला आवडली, आणि त्याने आजीचे चॅनेल काढले. 'आपली आजी' हे नाव घराघरांत पोचले. ऑक्टोबर २०२० मध्ये ते चॅनेल कोणीतरी हॅक केले तेव्हा आजी जेवेनाशा झाल्या, अशा बातम्या आल्या. काही दिवसांनी ते परत मिळाले.

ही दोन्ही उदाहरणे त्या प्रस्तावाच्या कागदावर छापलेली होती. पण त्यातली एक गोष्ट छापलेली नव्हती. या दोघींना स्वयंपाक आधी येत होता. आजींनी पन्नासहून अधिक वर्षे चूल फुंकलेली होती. कॅमेरा शेवटी आला. आपल्या मुलांना आठ शनिवार-रविवारांत कॅमेऱ्याचे कोन शिकवतील, दिवा कुठे ठेवायचा ते शिकवतील, पण त्या कॅमेऱ्यापुढे ठेवायचे काय?

आता आकडे पाहू, कारण सभेत आकडे कोणीच मांडले नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींच्या पैशांतला वाटा हवा असेल तर एक हजार सदस्य लागतात, आणि गेल्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडीओ एकूण चार हजार तास पाहिलेले असावे लागतात. (छोट्या 'शॉर्ट्स'साठी नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाण्याची दुसरी अट आहे.) चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. एक माणूस सरासरी तीन मिनिटे थांबला असे धरले तर ऐंशी हजार वेळा व्हिडीओ पाहिला जायला हवा. २०११ च्या जनगणनेत आपल्या सिल्वासा शहराची लोकसंख्या जवळजवळ एक लाख होती. म्हणजे त्या वेळचे जवळपास अख्खे शहर येऊन तीन-तीन मिनिटे तुमची अळूवडी बघून जायला हवे. तेव्हा कुठे दार उघडते. दार उघडल्यावर लांब व्हिडीओवरच्या जाहिरातीच्या पैशांतले ५५ टक्के तुमचे आणि शॉर्ट्सचे ४५ टक्के. खात्यात शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावाने हे पैशांचे खाते उघडताच येत नाही, ते आईवडिलांच्याच नावाने लागते. नववीतल्या मुलाकडून साडेचार हजार घेताना हे शेवटचे वाक्य कागदावर असायला नको होते का?

माझ्या शेजारच्या वहिनींनी चौदा महिने चॅनेल चालवले. खानदेशी आहेत, हाताला चव आहे, कळण्याची भाकरी आणि ठेचा त्यांच्यासारखा इथे कोणी करत नाही. गोल दिवा घेतला, माईक घेतला, ओट्यामागच्या भिंतीवर चिकटवायला फुलाफुलांचा कागद घेतला. सदस्य दोनशे बारा, त्यातले निम्मे आम्ही सोसायटीवाले. कमाई शून्य. मात्र त्याच वहिनी व्हॉट्सॲपवर आमच्या गटात "उद्या पुरणपोळी, ज्यांना हव्या त्यांनी रात्री नऊपर्यंत सांगा" असे टाकतात आणि दिवाळीच्या फराळावर त्यांनी गेल्या वर्षी मुलीची पूर्ण वर्षाची फी काढली. त्यांनी 'एफएसएसएआय'ची नोंदणीही करून घेतली आहे. हेही सोशल नेटवर्किंगच झाले की! फक्त त्यात ऐंशी हजार अनोळखी माणसे लागत नाहीत, चाळीस ओळखीची घरे पुरतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचे पुढे 'लिज्जत' झाले. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, ओळखी होत्या.

या विषयाची काळी बाजू सभेत कोणी काढली नाही, म्हणून लिहिते. मसाटच्या एका कंपनीत काम करणाऱ्या गृहस्थांच्या पत्नीला (नाव देत नाही, आपल्यातल्याच आहेत) मोबाईलवर निरोप आला की व्हिडीओला 'लाईक' करा, प्रत्येक लाईकचे पन्नास रुपये. पहिल्या दिवशी खरोखर दीडशे रुपये आले. मग 'मोठे काम' मिळवायला दोन हजार भरा, मग आठ हजार, मग अडकलेले सोडवायला अठ्ठावीस हजार. एकूण अडतीस हजार गेले. बाईंनी पंधरा दिवस घरात सांगितले नाही. माझे म्हणणे, गेलेल्या पैशांपेक्षा ते पंधरा दिवस जास्त महाग पडले, कारण अशा वेळी १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन होईल तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. मुलांनो, हा क्रमांक आईच्या मोबाईलमध्ये आजच टाकून द्या. आणि हे काही नवे नाही. २०११ मध्ये 'स्पीक एशिया' प्रकरण गाजले होते, तेव्हाही आधी अकरा हजार भरा आणि मग घरबसल्या प्रश्नावल्या भरून कमवा, असेच होते. काम देणारा आधी आपल्याकडून पैसे मागतो, तेव्हा आपण कामगार नसतो, गिऱ्हाईक असतो. खरे सांगायचे तर साडेचार हजारांचा तो प्रस्ताव वाचताना मला हेच आठवले. ती संस्था फसवी आहे असे मी म्हणत नाही. पण त्यांची स्वतःची कमाई व्हिडीओतून होते की फीमधून, हे विश्वस्तांनी जरूर विचारावे.

आता दुसरी बाजू, म्हणजे बचत. इथे मला जास्त बोलायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी यांच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला. सिलिंडर कधी शंभरने उतरतो (मार्च २०२४), कधी पन्नासने चढतो (एप्रिल २०२५), ते आपल्या हातात नाही. तेव्हा मला माझ्या आजीची चूल आठवली. चुलीला वैल असायचा. पुढच्या मोठ्या जाळावर भाकरी, आणि मागे वैलावर वरणाचे किंवा दुधाचे भांडे, नुसत्या उरलेल्या धगीवर. घाई नाही. आपल्या शेजारी वलसाडकडे हिवाळ्यात हायवेला उबाडियु मिळते, मडक्यात पापडी, कंद आणि रानपाला भरून मडके उपडे करून भाजलेले. रायगडमधले आपले लोक म्हणतात, ही तर आमची पोपटी! दोन्हीत तत्त्व एकच. जाळ थोडा, पण धग आत कोंडलेली.

गॅसवर आपण काय करतो? डाळीला उकळी येते, पाणी शंभर अंशांवर पोचते. त्यानंतर ज्योत कितीही मोठी ठेवा, उघड्या भांड्यातले पाणी शंभराच्या वर जात नाही. पुढचा अर्धा तास जो गॅस जळतो तो डाळ शिजवायला नव्हे, तर वाफेबरोबर आणि भांड्याच्या कडांतून निसटणारी उष्णता भरून काढायला. निसटणेच बंद केले तर? यांच्या कंपनीतला मोठा खोका आणला, तळाला आणि चारी बाजूंना जुन्या गोधड्या कोंबल्या, मध्ये पातेले बसेल एवढी जागा ठेवली, वर एक उशी. झाली पेटी. ही काही माझी अक्कल नव्हे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेची अशी स्वयंपाकपेटी मांडली होती, आणि युरोपात महायुद्धाच्या काळात बायकांनी गवत भरलेल्या पेट्या वापरल्या. आपल्याकडे १९१० मध्ये कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' काढला, थोड्या कोळशाच्या वाफेवर डब्यांत भात, डाळ, भाजी एकदम. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेचा सराई कुकरही त्याच जातीचा. शंभरेक ग्रॅम कांडी-कोळशात घराचा स्वयंपाक होतो.

माझी पद्धत अशी. तुरीची डाळ तासभर भिजवायची, झाकण ठेवून पाच-सात मिनिटे चांगली उकळायची आणि उकळत असतानाच झाकणासकट पेटीत. दोन तास हात लावायचा नाही. सासूबाई पहिल्या दिवशी तीनदा उघडून बघायला गेल्या, आणि अर्थात डाळ कच्ची राहिली. भाताला तीन-चार मिनिटांची उकळी आणि पाऊण तास पेटी. हरभरे रात्रभर भिजवून वीस मिनिटे उकळून, मग चार तास. भांडे भरलेले हवे. दोन माणसांपुरती वाटीभर डाळ पेटीत टाकाल तर ती लवकर निवते. खाण्याआधी पुन्हा एक उकळी द्यायचीच, आणि रात्रभर तसेच ठेवायचे नाही, कारण कोमट अन्नात जंतू वाढतात. थर्माकोल वापरत असाल तर गरम भांडे त्याला थेट टेकवू नका, आक्रसतो.

"कुकर आहे की घरात," असे तुम्ही म्हणाल. आहे, आणि कुकर चांगलाच. पण आपण शिट्ट्या मोजतो, आणि प्रत्येक शिट्टी म्हणजे पैसे देऊन तापवलेली वाफ खिडकीबाहेर. पहिली शिट्टी झाली की ज्योत बारीक करावी, एवढ्यानेही फरक पडतो.

माझा सिलिंडर, १४.२ किलोचा, आधी बत्तीस दिवस जायचा. आता एकेचाळीस जातो. वर्षाला अडीच सिलिंडर कमी. सिलिंडर नऊशेचा धरला तर सव्वादोन हजार रुपये. फार नाही, हे मलाही कळते. यातून फ्लॅट होणार नाही. पण ते पहिल्या महिन्यापासून मिळाले आणि त्यासाठी एकाही अनोळखी माणसाने मला 'लाईक' करावे लागले नाही. शिवाय दुपारी गॅसपाशी उभे राहण्याचा तास सुटला. त्या तासात मी शेजारच्या वहिनींना पुरणपोळीच्या ऑर्डरींना मदत करते आणि त्याचे पैसे घेते. म्हणजे बचतीतूनच कमाई निघाली, हे मी ठरवून केले नव्हते.

मुलांना मोबाईलवर काही करूच देऊ नये, असे माझे मत नाही. माझा मुलगा नववीत आहे आणि त्याला आमच्या पेटीचा व्हिडीओ करायचा आहे. करू दे. पण चेहरा, शाळेचा गणवेश आणि घराचा पत्ता त्यात दिसणार नाही, आणि खाते माझ्या नावावर राहील, या दोन अटी आहेत. दहावीचा अभ्यास सोडून 'क्रिएटर' होण्याची भाषा मात्र मी ऐकून घेणार नाही. तो म्हणतो, "आई, तू जुन्या काळातली आहेस." असेन.

विश्वस्त मंडळाला विनंती एवढीच की तो प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवावा. त्याऐवजी दोन शनिवार आपल्याच लोकांना द्यावेत. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या वहिनी हिशेबाची वही घेऊन यायला तयार आहेत. कच्चा माल, गॅस, मजुरी, नफा, सगळे त्यात आहे, आणि तोट्याचे चौदा महिनेही आहेत. बँकेत काम करणारे आपले एक पालक १९३० आणि फसवणुकीबद्दल बोलतील. फी शून्य.

आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी मी दोन पेट्या घेऊन येते. एका पातेल्यात चार लिटर उकळते पाणी, दुसऱ्यात एक लिटर, आणि तिसरे पातेले पेटीशिवाय टेबलावर. प्रयोगशाळेतले थर्मामीटर सरांनी द्यावेत. आठवीच्या मुलांनी दर अर्ध्या तासाने अंश टिपून आलेख काढावा. त्याचा व्हिडीओ काढायचा असेल तर खुशाल काढा. पाण्याचा प्रयोग झाला की मुगाची खिचडी पेटीत लावू, मधल्या सुट्टीपर्यंत होईल. घरून कोणी काही शिजवून बघायला आणणार असेल तर आणा, फक्त राजमा नको. तो भिजवून, दहा मिनिटे तरी खळखळ उकळल्याशिवाय पेटीत गेला तर त्यातले विष जात नाही आणि पोटे बिघडतात. विज्ञान दिनाला तसे प्रात्यक्षिक व्हायला नको.

— एक पालक, इयत्ता नववी