दोन पेपर



मराठीत पेपर या एका शब्दाचे दोन अर्थ. सकाळी स्टेशनबाहेर विकत मिळतो तो पेपर, आणि कॉलेजात तीन तास बसून सोडवता तोही पेपर. आपल्या विरार-नालासोपाऱ्यातली कॉलेजात जाणारी पोरंपोरी दोन्ही वाचतात. पण पहिल्या पेपराचा दुसऱ्याशी काही संबंध आहे असं त्यांना कुणी सांगत नाही. नुसतं सांगत नाही असं नाही, तो संबंध लागूच नये अशी सगळी सोय करून ठेवलीय. मला त्या सोयीबद्दल बोलायचंय.

मी कॉलेजात गेलेलो नाही. गिरणीतली पाळी सुटली की शेजारच्या पोरांची पुस्तकं, नोट्स, गाईडं मागून आणतो आणि वाचतो. मला मार्कांची भीती नाही. सरांच्या तोंडाकडे बघून उत्तर लिहायची गरज नाही. म्हणून हे मला बोलता येतं.

आधी पहिला पेपर. २६ ऑगस्ट २०२५. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार. रात्री बाराच्या सुमारास विरार पूर्वेला विजय नगरमधल्या रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा मागचा भाग खाली आला. आत एका घरात एक वर्षाच्या पोरीचा वाढदिवस चालला होता. ढिगारा उपसायला एक दिवसाहून जास्त लागला. १७ माणसं मेली, त्यात ती पोरगी पण गेली. इमारत २०१२ च्या आसपासची. तेरा वर्षांत माणसाचं पोर सातवी-आठवीत जातं, तेवढ्या वयात ही इमारत संपली.

रमाबाई हे नाव बातमीत आलं की आपल्या माणसाला आधी घाटकोपरचं रमाबाई नगर आठवतं. ११ जुलै १९९७ ला तिथं पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. विरारला गोळी चालली नाही. इथं घरंच अंगावर आली.

आता त्या बातमीतला एक शब्द धरा. अनधिकृत. हा शब्द आला की वाचणारा सुटला. अनधिकृत होती ना, मग पडणारच की. मेलेली माणसं तिथंच अर्धी गुन्हेगार ठरतात. स्वस्तात घर घेतलं, भोगा आता. हे वाक्य मी ट्रेनमध्ये ऐकलंय, चहाच्या टपरीवर ऐकलंय, आणि आपल्याच शिकलेल्या पोरांच्या तोंडून पण ऐकलंय.

अरे, चार मजले रात्रीत उगवतात काय? खडी येते, रेती येते, सळई येते, महिनोन्‌महिने काम चालतं. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतं. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला झाली. म्हणजे ही इमारत उभी राहत होती तेव्हा महापालिका होती, साहेब होते, शिक्के होते. बिल्डरला अटक झाली ते बरंच झालं. पण दिसत असून न बघणं हे पण एक काम असतं आणि ते पगार घेऊन केलं जातं. अजून एक ऐका. बेकायदा बांधकामाला शास्ती लावायची तरतूद महापालिका कायद्यात आहे. आणि शास्ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हे पण त्यातच आहे. म्हणजे पैसा चालतो, माणूस चालत नाही. हे गणित आपल्या बापजाद्यांना नवीन नाही. त्यांचं कामही गावाला चालायचं. फक्त ते चालत नव्हते.

त्याच साली नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत दुसरी गोष्ट झाली. सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उठवल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या हुकमानं त्या पाडल्या. बहुतेक जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये गेल्या, पोरांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर असताना. सुमारे अडीच हजार कुटुंबं बाहेर पडली. म्हणजे राहिलं तर ढिगाऱ्याखाली, आणि निघालं तर रस्त्यावर. कुणी म्हणेल, मग काय बेकायदा इमारती तशाच ठेवायच्या? नाही ठेवायच्या. पडायला आलेली इमारत आजच्या आज रिकामी करा. पण आधी त्या माणसांना दुसरं छप्पर द्या, आणि जागा विकणाऱ्यापासून सही करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना एका रांगेत उभं करा. रांगेत फक्त राहणाराच उभा का?

मेलेल्या १७ जणांची जात मी विचारत नाही. मढ्याची जात विचारणं हे आपलं काम नाही. पण असल्या इमारतीत राहायला कोण येतं हे विचारणं आपलं काम आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. पुढं गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि कामगारांची घरं रेल्वेच्या रुळांबरोबर लांब लांब सरकत गेली. विरार, नालासोपारा, कल्याण, बदलापूर. त्यांच्या मागून गावाकडून आले ते बिनजमिनीचे. गावात ज्याला जातीनं जमीन मिळू दिली नाही, त्याच्याकडे शहरात येताना विकायलाही काही नव्हतं. बँक त्याला उभं करत नाही. मग जिथं कागद मागत नाहीत तिथं तो घर घेतो. याला तुम्ही हौस म्हणता?

आता दुसरा पेपर. प्रश्न असा येतो: दलित साहित्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करा. गाईडात उत्तर तयार आहे. वेदना, नकार, विद्रोह. तिन्ही शब्दांखाली रेघ मारायची, एकेक परिच्छेद लिहायचा, दोन पुस्तकांची नावं टाकायची. झाला पेपर. विद्रोहाला दहापैकी सात मार्क. च्यायला, ज्या पुस्तकांनी झोप उडवायची ती पुस्तकं पाठ करून पोरं निवांत झोपतात.

बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चं. परीक्षेत विचारतात, यातल्या नायकाची अस्मिता सांगा. अहो, राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. प्रश्न खोलीचा आहे! आजही भाड्याची खोली बघायला गेलं की एजंट आधी आडनाव विचारतो, मग डिपॉझिट सांगतो. वर्गात बसलेल्या पोरीला हे माहीत असतं, कारण तिच्या बापानं ते सोसलेलं असतं. पण ती उत्तरपत्रिकेत लिहीत नाही. तिला वाटतं, हे अभ्यासक्रमात नाही.

काही विद्वान म्हणतात, साहित्य म्हणजे बातमी नव्हे. साहित्याचा आस्वाद घ्यायचा असतो. बरं. मग आपण सगळ्यात मोठं पुस्तक घेऊ. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं आणि त्यांचं भाषण झेपेना म्हणून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, १५०० प्रती. आज ‘जातिनिर्मूलन’ म्हणून कॉलेजात नेमतात ते हेच. पण ते नीट उघडून बघा. सुरुवातीलाच काय आहे? बातम्या! इंदूरकडच्या बलाई लोकांवर घातलेली बंधनं, १९२८ च्या जानेवारीत टाइम्समध्ये आलेली. गुजरातेतलं कविठा गाव, जिथं अस्पृश्यांनी पोरं शाळेत घातली म्हणून छळ झाला. अहमदाबाद जिल्ह्यातलं झनू, जिथं बायांनी धातूच्या भांड्यात पाणी आणलं म्हणून मार खाल्ला. जयपूर संस्थानातलं चकवारा, जिथं आपल्याच पैशाच्या तुपाचं जेवण वाढलं म्हणून पंगतीवर हल्ला झाला.

ही कुठल्या पुराणातली उदाहरणं नाहीत. कविठा आणि झनूच्या घटना १९३५ च्या, चकवाऱ्याची १९३६ च्या एप्रिलची. म्हणजे भाषण लिहिण्याच्या अगदी अलीकडची. बाबासाहेबांनी स्थानिक बातमी उचलली आणि ती स्वराज्य मागणाऱ्यांच्या तोंडासमोर धरून विचारलं की हे चालू असताना तुम्ही सत्तेला लायक आहात काय. जगातला एवढा शिकलेला माणूस आपला मोठा सिद्धांत चार गावांच्या बातम्यांवर उभा करतो, आणि आपली पोरं सिद्धांत पाठ करतात आणि बातमी अंगठ्यानं वर सरकवून देतात.

नेमलेलं पुस्तक असं वाचायचं असतं. कविठ्याच्या जागी नालासोपारा ठेवा. चकवाऱ्याच्या जागी विजय नगर ठेवा. आणि विकासाचे फलक लावणाऱ्या प्रत्येकाला तोच प्रश्न विचारा.

इतिहासाचा पेपर पण घ्या. अशोकाचे शिलालेख सगळे पाठ करतात. त्यातला आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली आपल्या सोपाऱ्यातच मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला मिळाला. आठवा लेख काय सांगतो? राजानं शिकारीच्या मौजेच्या सहली सोडल्या आणि तो धम्मयात्रेला निघाला, खेड्यापाड्यांतल्या माणसांना भेटायला. आणि हे लिहिलं लोकांच्या बोलीत, प्राकृतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवता यावं म्हणून. आज त्याच सोपाऱ्यात सरकार भिंतीवर नोटीस चिकटवतं, ती मराठीत असून मराठी माणसाला कळत नाही. आणि राजे भेटायला येतात ते ढिगारा पडल्यावर, कॅमेरा घेऊन. अशोकावर टिपा लिहा या प्रश्नाला एवढं लिहिलं तर मार्क जातील काय? जाऊ देत.

मार्क जायची भीती खोटी नाही, हे मला कळतं. पण अभ्यासक्रमात आपलं नाव आलं म्हणून कायमचं राहतं अशा भ्रमात राहू नका. दिल्ली विद्यापीठानं २०२१ साली इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून बामा आणि सुकीर्तराणी या दोन दलित लेखिका काढून टाकल्या. सोबत महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ पण काढली. दिलेलं पान फाडता येतं. जे आपण आपल्या वस्तीत उभं राहून वाचलंय ते फाडता येत नाही.

आणि आपल्या कार्यकर्त्यांना पण बोलायचंय. १४ एप्रिलला आपण डीजे लावतो, बॅनरवर पन्नास चेहरे छापतो. कवीसंमेलनात मी पण कविता म्हणतो, टाळ्या घेतो. पण आपल्या वॉर्डात पडायला आलेल्या इमारती किती, हे आपल्यातल्या कुणाच्या वहीत लिहिलेलं आहे? विद्रोह विद्रोह करतो आपण. आधी मोजणी तरी करा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक वस्तीत दर रविवारी दोन तास बसायचं. पहिला तास नेमलेलं पुस्तक मोठ्यानं वाचायचं, कॉलेजात न गेलेल्यांना सोबत घेऊन, म्हणजे माझ्यासारखे पण प्रश्न विचारतील. दुसऱ्या तासाला वही घेऊन एका इमारतीत जायचं. कधी बांधली, कुणी बांधली, किती घरं, पावसात कुठं गळतं, कागद काय आहेत, घरपट्टी कुणाच्या नावानं येते, नोटीस आली का, आली तर तिच्यात काय लिहिलंय ते घरातल्या आजीला समजावून सांगायचं. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायचा. कायदा २००५ चा आहे, फी दहा रुपये, उत्तर द्यायची मुदत ३० दिवस. अर्ज लिहायला कॉलेजातलं शिक्षण लागतं, ते तुमच्याकडे आहे. ते कशासाठी घेतलंत?

इमारत पडल्यावर मेणबत्त्या घेऊन जाण्यापेक्षा पडायच्या आधी वही घेऊन जा. आणि परीक्षेत विद्रोहावर प्रश्न आला तर त्या वहीतलं एक पान उत्तरात उतरवा. तपासणाऱ्याला काय मार्क द्यायचेत ते देऊ देत.