आवाज दुरुस्त करण्याआधी

'तोत्तोचान' हे पुस्तक बहुतेक शिक्षकांना माहीत असतं. बी.एड.च्या वर्षात त्याचं नाव एकदा तरी निघतंच. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा आणि नव्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी, एवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण ते लिहिणाऱ्या तेत्सुको कुरोयानागी पुस्तकाच्या कितीतरी आधी कोण होत्या, हे आपल्याकडे क्वचितच कोणी सांगतं. त्या मुलांच्या कार्यक्रमांतल्या आवाजाच्या कलाकार होत्या. हे कळलं की त्या चार तासांची किंमत कळते, असं माझं मत आहे.

तेत्सुको यांचा जन्म 1933चा, टोकियोतला. त्यांनी संगीताचं शिक्षण घेतलं. पुढे आपल्या मुलांना गोष्टी छान वाचून दाखवणारी आई व्हावं, एवढ्याच इच्छेने त्या एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेत नाट्यप्रशिक्षणासाठी गेल्या. तिथे त्यांचा आवाजच अडचणीचा ठरला. नाटकात गर्दीचा गलका करायचा असला तरी त्यांचा आवाज वेगळा उठून यायचा, आणि मग त्यांना घरी जायला सांगितलं जायचं. बोलणं विचित्र आहे, सुधारायला हवं, हे त्यांनी इतक्यांदा ऐकलं की त्यांना ते खरंच वाटू लागलं.

1954मध्ये एनएचके रेडिओवर तीन पांढऱ्या माकडांची एक मालिका सुरू होणार होती. भारताच्या राजाने चीनच्या सम्राटाला भेट दिलेली ही पिल्लं आईवडिलांकडे भारतात परत निघतात, अशी ती गोष्ट. तिच्या निवडीच्या वेळी तेत्सुको यांनी लेखक तादासु ईझावा यांना आपण होऊन सांगितलं की, मी माझं बोलणं सुधारेन. ईझावा म्हणाले, सुधारू नका, हे असंच हवं आहे. धाकट्या माकडाचं, तोंबोचं काम त्यांना मिळालं. लहान मुलांची कामं मोठ्या बायकांनी आवाजातून करायची, ही गोष्ट तेव्हा नवी होती. पुढे 1960पासून 'बू फू वू' या टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या मालिकेत तीन डुकरांपैकी धाकट्या वूचा आवाजही त्यांचाच. 'थंडरबर्ड्स' ही ब्रिटिश मालिका जपानीत आली, तेव्हा लेडी पेनेलोपी त्यांच्या आवाजात बोलली.

आता पुस्तकाकडे पाहा. पहिलीतच शाळेतून काढलेली मुलगी. खिडकीत उभं राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारणारी, पाखरांशी बोलणारी. एका शाळेला तिचं बोलणं म्हणजे बेशिस्त वाटली. दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तेच बोलणं, तिच्याकडे सांगायला काही न उरेपर्यंत ऐकलं. वीस वर्षांची झाल्यावर एनएचकेमध्ये पुन्हा तेच घडलं, आणि तिथेही एका ऐकणाऱ्या माणसाने निकाल फिरवला. 1981मध्ये 'तोत्तोचान' पुस्तकरूपाने आलं तेव्हा तेत्सुको 47 वर्षांच्या होत्या. मोठी झाल्यावर याच शाळेत शिक्षिका होईन, असा शब्द त्यांनी लहानपणी कोबायाशींना दिला होता. शाळा 1945च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, कोबायाशी 1963 साली वारले, शब्द पाळायचा राहून गेला. मला हे पुस्तक त्या राहिलेल्या शब्दाची फेड वाटतं. पुस्तकाच्या मानधनातून त्यांनी संस्था काढली आणि कर्णबधिर कलाकारांच्या रंगभूमीला आधार दिला. आवाजावर जगलेल्या बाईने हातांच्या खुणांनी बोलणाऱ्यांसाठी रंगमंच उभा करावा, यात मला कोबायाशी दिसतात.

हे सगळं मी सांगतो आहे, कारण मी स्वतः तेत्सुकोंच्या पहिल्या शाळेतल्या बाईंसारखा वागलो आहे.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. घरात दख्खनी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी 'शाळा'ची 'शाला' होते, 'पाणी'चं 'पानी' होतं. काही वर्षांपूर्वी पाचवीतल्या एका मुलीला मी धडा वाचायला उभं केलं आणि एका ओळीत चार वेळा थांबवलं. वर्ग हसला. मीही थोडा हसलो असेन. त्यानंतर तिने वर्षभर मोठ्याने वाचलं नाही. विचारलं की शेजारणीकडे बोट दाखवायची. मी शेऱ्यात 'वाचन कच्चे' असं लिहून मोकळा झालो.

वर्षाच्या शेवटी एकदा मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींना एसटीच्या कंडक्टरची नक्कल करून दाखवत होती. "माळीवाडा, माळीवाडा! चला, मागे सरका!" तिचा ळ स्वच्छ होता. माझ्यापेक्षाही स्वच्छ. म्हणजे अक्षर तिच्या जिभेवर होतंच. ते माझ्यासमोर येत नव्हतं, एवढंच.

कोणी म्हणेल, मग उच्चार शिकवायचेच नाहीत का? जरूर शिकवायचे. उद्या हीच मुलं मराठीतून मुलाखती देतील, पोलिस भरतीला जातील, तिथे 'शाला' म्हटल्यावर समोरचा आधी नाव विचारेल आणि मग मत बनवेल. हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून तर मी इतका कडक होतो. तेत्सुकोंनीही प्रशिक्षण घेतलंच होतं. प्रश्न क्रमाचा आहे. आधी ऐकायचं, मग सुधारायचं. आम्ही पेन्सिल आधी उचलतो. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापनात आम्ही प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण कौशल्य, फलकलेखन यांचे पाठ घेतले. ऐकण्याच्या कौशल्याचा पाठ मी घेतल्याचं मला आठवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. कोबायाशींच्या शाळेत जेमतेम पन्नास मुलं होती. आपल्याकडे एका वर्गात तेवढी असतात, शिवाय ऑनलाइन माहिती भरा, सर्वेक्षणं करा, निवडणुकीची कामं करा. चार तास कुठून आणायचे? खरं आहे, नाही आणता येत. मी चार मिनिटं आणतो. जून महिन्यात रोज तीन मुलं वर्गासमोर येऊन हवं ते, हव्या त्या भाषेत, हव्या त्या उच्चारात बोलतात. बकरी, मामूचं लग्न, क्रिकेट, काहीही. त्या वेळी माझ्या हातात पेन नसतो आणि कोणी हसलं तर मी बोलणाऱ्याला नाही, हसणाऱ्याला थांबवतो. ळ आणि ण जुलैत सुरू होतात.

यातून कोणी तेत्सुको निघेल की नाही, मला माहीत नाही. पण आता जुलैत धडा वाचायला कोण उठणार असं विचारलं की हात वर येतात. ती मुलगी मात्र तेव्हाच पुढच्या वर्गात गेली होती. तिचा 'वाचन कच्चे' हा शेरा माझ्याच अक्षरात आहे.